ह्युमिडॉरमध्ये ठेवूनही सिगारची चव बिघडतेय? नाशिकच्या हवेत काय काय तपासायचं

ह्युमिडॉर म्हणजे आतली हवा ठरावीक ओली ठेवणारा सिगारचा डबा. आधी लक्षणं लिहितो, तुमची कुठली ते बघून घ्या.

पेटवल्यावर दोन-तीन झुरक्यांतच जीभ कडू होते आणि घशाला टोचतं. किंवा नाकात झोंबणारा वास येतो, न साफ केलेल्या गोठ्यात येतो तसा, तो अमोनिया. ओढताना जोर लागतो, गाल आत जातात, मध्येच विझते, परत पेटवा, परत विझते. एक बाजू भराभर जळत जाते आणि दुसरी तशीच राहते. नाहीतर अगदी उलटं, बोटांत हलकी दाबली की करकरते, रॅपर म्हणजे बाहेरचं पान तडकतं, धूर गरम लागतो आणि चव म्हणाल तर पेपरची रद्दी जाळल्यासारखी. काही वेळा चव बिघडत नाही, नुसती निघून जाते, महागाची सिगार आणि लागते वाळक्या गवतासारखी. झाकण उघडल्यावर लाकडाचा गोडसर वास यायच्या ऐवजी पावसाळाभर बंद राहिलेल्या खोलीसारखा कुबट वास. आणि सगळ्यात वाईट म्हणजे रॅपरवर टाचणीने टोचल्यासारखं गोल भोक आणि डब्याच्या तळाशी तपकिरी भुकटी.

हे शेवटचं असेल तर खाली किड्याबद्दल लिहिलंय ते आधी वाचा आणि आजच्या आज करा, बाकीचं उद्या वाचलं तरी चालेल.

मी नाशिकला एका वायनरीत सेलर सांभाळतो. बॅरल रूममधली हवा किती ओली, किती गार, हे रोज वहीत लिहायचं हे माझं कामच आहे, त्यामुळे ओळखीत कुणाचा ह्युमिडॉर बिघडला की तो माझ्याकडे येतो. गेल्या सात-आठ वर्षांत असे बरेच डबे बघितले आणि बहुतेकांचं दुखणं एकच निघालं, म्हणून हे सगळं एकदा नीट लिहून ठेवतोय. एक गोष्ट आधीच सांगतो, तंबाखू शरीराला वाईटच आहे, ह्युमिडॉर कितीही चांगला असला तरी त्याने धूर कमी घातक होत नाही, आणि जो ओढत नाही त्याने हे वाचून सुरू करू नये. ज्यांच्याकडे आधीच डबा आहे आणि आतला माल वाया जातोय त्यांच्यासाठी हे आहे.

तपासणीआधी थोडं कारण समजून घ्या, नाहीतर नुसतीच खटपट होते. सिगार ह्युमिडॉरमध्ये ठेवतात ती फक्त सुकू नये म्हणून नाही, ती मुरायला ठेवतात, लोणचं मुरतं तशी. एका सिगारमध्ये तीन प्रकारची पानं असतात, बाहेरचा रॅपर, त्याच्या आत बांधणारा बाइंडर आणि मधे फिलर, आणि फिलरमध्येही पुन्हा वेगवेगळी पानं, त्यात झाडाच्या शेंड्याकडचं लिगेरो हे जाड आणि तेलकट, ते सावकाश जळतं, तर खालची पानं पातळ, ती पटकन पेटतात. जाड पान ओलावा हळू घेतं आणि हळू सोडतं, पातळ पान लगेच. मग प्रवासातून आलेल्या सिगारमध्ये बाहेरचं पान एका अवस्थेत आणि आतलं दुसऱ्याच अवस्थेत असतं, आणि अशी सिगार पेटवली की ती एका बाजूने पळते नाहीतर मधेच विझते. काही आठवडे एकसारख्या हवेत ठेवली की सगळी पानं एका ओलाव्यावर येतात, हे पहिलं काम. दुसरं म्हणजे तंबाखूच्या पानांचे ढीग लावून आंबवतात तेव्हा त्यातून अमोनिया निघतो, तो पूर्ण गेला नसेल किंवा सिगार वळताना पानं पुन्हा ओली केल्यामुळे परत थोडा सुटत असेल, तर तो निघून जायला वेळ लागतो. तिसरं, शेजारशेजारच्या पानांचे वास एकमेकांत उतरतात, टोकं बोथट होतात, तिखटपणा उतरतो. खूप वर्षं ठेवली तर जोरही उतरतो आणि सुगंधही, म्हणजे मुरण्यालाही एक शेवट आहे, प्रत्येक सिगार दहा वर्षं ठेवून सुधारते असं अजिबात नाही, हलक्या सिगार तर वर्षा-दोन वर्षांत फिक्या पडतात असा माझा अनुभव आहे.

आणि हे सगळं व्हायला हवा स्थिर लागते. आपल्याकडे गोची तिथेच आहे. हे डबे आणि त्यांच्यासोबत येणारी माहितीपत्रकं ज्या देशांत लिहिली जातात तिथे घर वर्षभर एका तापमानाला असतं. नाशिकला जुलै-ऑगस्टमध्ये घरातली हवा आठवडेच्या आठवडे ८० टक्क्यांच्या वर, डिसेंबर-जानेवारीत पहाटे पारा १० च्या खाली, निफाडकडे तर त्याहून खाली, आणि एप्रिल-मेमध्ये दुपारी ४० च्या आसपास आणि हवा इतकी कोरडी की वाळत घातलेली चादर अर्ध्या तासात कडक होते. एकाच डब्याला वर्षात तीन वेगळ्या हवा सोसाव्या लागतात, आणि आपण मात्र जानेवारीत लावलेली व्यवस्था जुलैमध्ये तशीच ठेवतो.

आता तपासणी, फुकटातल्यापासून सुरुवात.

सगळ्यात आधी तारीख बघा. सिगार घरी कधी आली? आठवडाही झाला नसेल तर बाकी काहीच तपासू नका. इंदिरानगरला आमच्या ओळखीचे एक काका आहेत, त्यांच्या मुलाने दुबईहून येताना पेटी आणली, त्याच रात्री जेवणानंतर एक पेटवली, कडू लागली, दुसऱ्या दिवशी अजून एक, तीही कडू, आणि काकांनी ठरवूनच टाकलं की मुलाला नकली माल दिला. मी पेटी उघडून वास घेतला तर अमोनिया सरळ नाकात. विमानाच्या पोटात, कोरड्या गार हवेत, मग आपल्या उकाड्यात, असा प्रवास झालेला. मी म्हटलं, काका, तीन आठवडे हात लावू नका, फक्त आठवड्यातून एकदा झाकण पाच मिनिटं उघडं ठेवा. तीन आठवड्यांनी त्यांचाच फोन आला की आता त्यात कोको आणि भाजलेल्या शेंगदाण्यासारखी चव लागतेय. प्रवास केलेल्या सिगारला कमीत कमी दोन ते चार आठवडे द्या, जाड रिंगच्या सिगारला त्याहून जास्त. रिंग म्हणजे इंचाचे ६४ भाग केले तर त्यातले किती, म्हणजे ५० रिंगची सिगार साधारण दोन सेंटिमीटर जाड, आणि जितकी जाड तितका मधल्या पानापर्यंत ओलावा पोचायला वेळ.

हेही फुकटच आहे, तुम्ही किती घाईने ओढताय ते बघा. मिनिटाला एक झुरका पुरतो. भराभर ओढली तर कुठलीही सिगार तापते आणि कडू होते, त्यात ह्युमिडॉरचा काही दोष नाही.

मग डबा ठेवलाय कुठे ते बघा. फ्रिजवर ठेवलाय का? फ्रिजच्या मागून गरम हवा येते आणि डब्याचा तळ कोमट राहतो. पश्चिमेच्या खिडकीत? मे महिन्यात तिथे तो डबा म्हणजे भट्टी. देवघराशेजारी? तंबाखू वास खूप ओढून घेते, धूप-उदबत्तीचा वास झाकणाच्या फटीतून आत जातो आणि महिन्या-दोन महिन्यांत सगळ्या सिगारना तो लागतो. पंचवटीतल्या एका मित्राने तर डबा कपड्यांच्या कपाटात खालच्या खणात ठेवला होता, नीट, अंधारात, मला वाटलं जागा उत्तम आहे, आणि मग कपाटाच्या कोपऱ्यात डांबराच्या गोळ्या दिसल्या. त्या सिगार वाचल्या नाहीत, महिनाभर वेगळ्या हवेत ठेवून बघितल्या पण वास गेला नाही. मसाल्याच्या कपाटातही ठेवू नका, त्याचं कारण नुसता वास नाही, पुढे किड्यात सांगतो. घरातली आतली भिंत, जमिनीपासून कमरेइतक्या उंचीवर, ऊन नाही, ही जागा बहुतेक घरांत सगळ्यात बरी.

यानंतरची तपासणी एक-दोन रुपयांची, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची. डब्यावर जो काटा आहे ना, आर्द्रता दाखवणारा हायग्रोमीटर, तो खरं सांगतोय का? गोल घड्याळासारखा पितळी रंगाचा काटा बहुतेक वेळा खोटं सांगतो, पाच-दहा टक्क्यांचा फरक तर सर्रास. मिठाची टेस्ट करा. बाटलीचं झाकण घ्या, त्यात साधं मीठ भरा, त्यावर पाण्याचे काही थेंब, इतकेच की मीठ ओल्या वाळूसारखं होईल, विरघळून पाणी होता कामा नये. ते झाकण आणि हायग्रोमीटर एकाच झिप लॉक पिशवीत नाहीतर हवाबंद काचेच्या बरणीत ठेवा, काट्याला मीठ लागू देऊ नका, आणि रात्रभर, शक्यतो २४ तास, एकाच जागी राहू द्या. अशा ओल्या मिठावरची बंद हवा घरातल्या तापमानाला ७५ टक्क्यांवर येऊन थांबते, पाणी किती घातलं, बरणी केवढी, याने फरक पडत नाही. म्हणजे तुमच्या काट्याने ७५ दाखवायला हवं. ७० दाखवला तर तो ५ कमी सांगतो, हे चिकटपट्टीवर लिहून काट्यावरच लावून टाका.

यावर इतका भर का देतोय तर कॉलेज रोडच्या एका मित्राची गोष्ट. सगळ्या सिगार कडू, विझतात, ओढायला जड. डब्यावरचा काटा ७० दाखवतो, मग तो म्हणे हवा तर बरोबर आहे, सिगारच वाईट असणार. तीन महिने तो काटा ७० च्या खाली आला की डब्यातल्या ओलावा देणाऱ्या स्पंजमध्ये पाणी घालत होता. मिठाच्या टेस्टमध्ये त्याच्या काट्याने ६२ दाखवले. म्हणजे काटा १३ कमी सांगत होता, ७० दाखवायचा तेव्हा आत ८३ होतं! इतक्या ओलाव्यात पान फुगतं, आतली हवेची वाट बंद होते म्हणून ओढायला जड, आणि जळताना आधी त्यातलं पाणी वाफ होऊन जातं म्हणून आग नीट तापत नाही, अर्धवट जळलेल्या पानाचा कडू रस तोंडाकडच्या टोकाला साचतो. त्याने दोन पेट्या बदलून बघितल्या होत्या, पैसे गेले, आणि दुखणं होतं त्या एका काट्यात. साधा डिजिटल हायग्रोमीटर काही शे रुपयांत मिळतो, तो घ्या, आणि त्याचीही मिठाची टेस्ट करा, वर्षातून दोनदा, पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर.

आकडा किती हवा? जुनं गणित ७० टक्के आणि ७० फॅरनहाइट, म्हणजे २१ सेल्सिअस. आपल्याकडे घर २१ ला राहतच नाही. ३० अंशांच्या हवेत ७० टक्के म्हणजे दर घनमीटरला २१ ग्रॅमच्या आसपास पाणी, आणि २० अंशांना तेच ७० टक्के म्हणजे १२ ग्रॅम, मग रात्री खोली गार झाली की तेच पाणी झाकणाच्या आतल्या बाजूला बसायला बघतं आणि बुरशीला निमंत्रण मिळतं. म्हणून मी ६५ च्या आसपास ठेवतो, वर्षभर. ६२ ते ६८ मध्ये आकडा फिरत असेल तर हात लावत नाही. या ओलाव्याला सिगार नीट जळते आणि चव मोकळी लागते, ७२ ला ठेवलेली तीच सिगार मला नेहमी दबलेली वाटली आहे.

काटा खरा निघाला आणि तरी आकडा टिकत नाही, तर झाकण बघा. मोबाइलची टॉर्च चालू करून आत ठेवा, झाकण लावा, खोलीत पूर्ण अंधार करा आणि चारी बाजूंनी फिरून बघा, कुठून उजेडाची रेघ येते का. मग कागदाची पट्टी झाकणात अर्धी अडकवून ओढा, सगळीकडे सारखाच अडकाव लागला पाहिजे, एका कोपऱ्यात सहज निघाली तर गळती तिथे. उन्हाळ्यात जे झाकण घट्ट बसत नाही तेच पावसाळ्यात लाकूड फुगल्यावर घट्ट बसतं, त्यामुळे ही टेस्ट मार्च-एप्रिलमध्ये केलेली बरी. बारीक फट असेल तर काठाला आतून पातळ फोम टेपची पट्टी चालते, फक्त तिला रबराचा किंवा गोंदाचा उग्र वास नको, आठवडाभर उन्हात ठेवून मगच लावा.

आता पाणी. स्पंजमध्ये काय घालताय? नळाचं पाणी नको, बोअरचं तर नकोच, त्यातले क्षार स्पंजवर पांढरे थर करून त्याची छिद्रं बंद करतात. आरओचं पाणी शुद्ध म्हणून बरेच जण घालतात पण त्यातही थोडे क्षार राहतात. डिस्टिल्ड वॉटर लागतं, मेडिकलमध्ये किंवा लॅबचं सामान मिळतं तिथे मिळतं. बॅटरीचं पाणी मी घेत नाही, कॅनमध्ये आधी काय भरलेलं होतं ते कळत नाही आणि शेवटी तो वास जिभेवर येणार. खरं सांगायचं तर हिरवा स्पंज काढूनच टाका. स्पंज फक्त पाणी देतो, जास्तीचं परत घेत नाही, आणि आपल्या पावसाळ्यात नेमकी घेणाऱ्याची गरज असते. बोव्हेडासारखी पाकिटं मिळतात, आत मिठाचं द्रावण असतं, हवा कोरडी झाली तर ते पाणी सोडतं आणि ओली झाली तर ओढून घेतं, ६२, ६५, ६९, ७२ अशा आकड्यांत येतात. डब्यात २५ सिगार मावत असतील तर ६० ग्रॅमचं एक, ५० मावत असतील तर दोन, सिगार कमी असल्या तरी डब्याच्या आकाराप्रमाणेच घाला कारण लाकूडही ओलावा खातं. पाकीट हाताला कडक लागायला लागलं की बदला. माझ्याकडे उन्हाळ्यात ते फार लवकर कडक होतात आणि पावसाळ्यात उलटे टम्म फुगतात, फुगलेलं दिसलं की समजा बाहेरची हवा आत येतेय, परत झाकणाकडे जा.

इथे सिन्नरची एक आठवण. सिन्नरला पिढ्यान्‌पिढ्या विड्या वळल्या गेल्या, माझ्या एका सहकाऱ्याच्या घरीही आई-आजी विड्या वळायच्या. टेंभुर्णीचं पान कापण्याआधी भिजवून मऊ करतात, ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवतात, आणि त्या अनुभवावरून त्याच्या घरच्यांनी त्याला सांगितलं की सुकलेली सिगार ओल्या फडक्यात ठेव. विडीच्या पानाला ते बरोबर आहे, पान त्या दिवशीच वापरून होतं, आणि तंबाखू त्यात नंतर भरतात. सिगारला मात्र पाणी थेट लागलं की रॅपर आधी फुगतो, आतला भाग अजून कोरडाच, आणि रॅपर चिरतो, तो वाचला तर चार-पाच दिवसांत बुरशी. त्याच्या नऊ सिगार अशा गेल्या. सुकलेली सिगार परत आणायची तर हळूहळू, आधी ६२ च्या पाकिटासोबत हवाबंद डब्यात तीन आठवडे, मग ६५ ला तीन-चार आठवडे. घाई करायचीच नाही. छोटा डिजिटल वजनकाटा असेल, सोनं तोलतात तसला, पॉइंटनंतर दोन आकडे दाखवणारा, तर एक सिगार दर रविवारी तोला आणि लिहा, वजन वाढायचं थांबलं की ती भरली. इतकं करूनही एक गोष्ट परत येत नाही, सुकताना तेलाबरोबर उडून गेलेला वास. ओलावा परत येतो, जळणं सुधारतं, पण चव थोडी पोकळच राहते, आणि फार काळ सुकलेली असेल तर तिच्यावर पाकिटं खर्च करू नका.

नवीन डबा घेतला असेल तर अजून एक कारण असू शकतं, लाकूड सीझन केलंय का, म्हणजे सिगार ठेवण्याआधी त्याला पुरेसा ओलावा पाजलाय का? आतलं अस्तर स्पॅनिश सीडरचं असतं. नाव स्पॅनिश पण झाड अमेरिका खंडातलं, आणि ते खरं सीडर नाहीच, मेहॉगनीच्या कुळातलं आहे, आपल्याकडचा तून त्याचा जवळचा नातेवाईक. आपला देवदार मात्र खरा सीडर आहे आणि म्हणूनच इथे चालत नाही, त्याला राळेचा उग्र वास असतो, तो सिगारमध्ये उतरतो. सातपूरच्या एका ओळखीच्याने सुताराला सीडर सांगितलं आणि सुताराने प्रामाणिकपणे देवदार वापरला, डबा देखणा झाला आणि सिगारला टर्पेंटाइनची चव आली. तर कोरडं सीडर सिगारमधला ओलावा पिऊन टाकतं. नवा डबा ओल्या फडक्याने पुसू नका, लाकूड वाकतं. ८४ टक्क्यांचं तसलंच पाकीट आत ठेवून झाकण लावा आणि १४ दिवस विसरून जा, किंवा वाटीत डिस्टिल्ड वॉटर ठेवा आणि हायग्रोमीटर ७०-७२ वर स्थिर होईपर्यंत थांबा. मगच सिगार ठेवा.

डबा गच्च भरू नका, हवा फिरायला जागा हवी. महिन्यातून एकदा खालच्या वर, वरच्या खाली करा. व्हॅनिला किंवा रमच्या फ्लेवरच्या सिगार त्याच डब्यात ठेवत असाल तर बाकीच्यांची चव कशाने बिघडली ते शोधायला दुसरीकडे जायची गरज नाही, त्या वेगळ्या काढा.

लाकडी डब्याचा नाद सुटत नसेल तर ठीक, पण वीस-पंचवीस सिगारसाठी नाशिकच्या हवेत मी सगळ्यांना हवाबंद प्लॅस्टिकचा डबाच सांगतो, किचनमध्ये कडधान्यासाठी असतो तसला रबरी रिंगचा, नवा, धुऊन दोन दिवस वाळवलेला, त्यात सीडरची एक पट्टी आणि ६५ चं पाकीट. फक्त आठवड्याला एकदा पाच मिनिटं उघडा, नाहीतर अमोनिया आतच राहतो. पावसाळ्यात हे पाच मिनिटंही पाऊस थांबलेल्या दुपारी. आणि परदेशातले लोक ओढण्याआधी एक-दोन दिवस सिगार बाहेर काढून थोडी सुकवतात, ते आपल्याकडे जुलैमध्ये करू नका, बाहेर ती सुकायच्या ऐवजी अजून ओली होईल. तेव्हा वेगळ्या डब्यात ६२ च्या पाकिटासोबत दोन दिवस ठेवा, तोच परिणाम मिळतो.

आता अवघड भाग, तापमान आणि किडा. तंबाखूचा किडा म्हणजे दोन-तीन मिलिमीटरचा तपकिरी गोलसर भुंगेरा, आणि घरात हळकुंडांना, धण्यांना, सुक्या मिरचीला जो लागतो तो हाच, म्हणून मसाल्याचं कपाट नको म्हटलं. अंडी पानातच आलेली असू शकतात, साधारण २४-२५ अंशांच्या वर तापमान राहिलं की ती फुटायला लागतात. आपल्याकडे मार्च ते जून रोज हीच हवा. भोक आणि भुकटी दिसली की त्या डब्यातली प्रत्येक सिगार संशयित धरा, भोक पडलेल्या फेका, बाकीच्या दोन पिशव्यांत, हवा काढून, घट्ट बंद करून आधी एक दिवस फ्रिजमध्ये, मग उणे १८ च्या फ्रीझरमध्ये तीन दिवस, मग पुन्हा एक दिवस फ्रिजमध्ये, आणि मग पिशवी न उघडता खोलीत. एकदम गार किंवा एकदम गरम केली तर रॅपर फाटतो, आणि पिशवी लवकर उघडली तर गार सिगारवर दव बसतं. तोपर्यंत डबा व्हॅक्यूम क्लीनरने कोपऱ्याकोपऱ्यातून साफ करा, कीटकनाशक अजिबात मारू नका, ते उद्या तुमच्या तोंडात जाणार. हे सगळं करून सिगार मात्र साध्या फ्रिजमध्ये ठेवून देऊ नका, फ्रिजची हवा कोरडी आणि वासाची, महिनाभरात कोथिंबीर-लसणाची चव येईल.

पांढरं काही दिसलं तर? जुने लोक सांगतात की चांगल्या मुरलेल्या सिगारवर तेलाचं पांढरं पीठ येतं. मला भेटलेलं पांढरं जवळजवळ प्रत्येक वेळी बुरशीच होतं. ठिपक्याठिपक्यांनी असेल, केसाळ असेल, हिरवट-निळसर असेल, पुसल्यावर खाली डाग राहत असेल तर ती बुरशी. फक्त रॅपरवर एक-दोन ठिपके असतील तर काही जण पुसून ओढतात, मी ते करत नाही आणि तुम्हीही करू नका, बुरशीचा धूर फुप्फुसात कशाला घ्यायचा. टोकाला म्हणजे आतल्या पानांत दिसली तर विचारच नको, फेका.

एका वेळी एकच बदल करा आणि दोन आठवडे थांबा, मग एक सिगार ओढून बघा आणि लिहून ठेवा. पाकीटही बदललं, जागाही बदलली, काटाही बदलला तर कशाने सुधारलं ते कधीच कळत नाही, आणि पुढच्या जूनमध्ये परत पहिल्यापासून सुरुवात.

कुठे थांबायचं ते आता. तोंडात पांढरा किंवा लाल चट्टा, न भरणारा व्रण, तोंड पूर्ण उघडत नाही, आवाज बसलेला राहतो, खोकला जात नाही, यातलं काहीही असेल तर ते चवीचं दुखणं नाही, सिगार बंद करा आणि डॉक्टरकडे जा, त्याच आठवड्यात. जीभेला सगळ्याच सिगार कडू आणि जेवणही बेचव लागत असेल तरी हेच.

बुरशीचे डाग आतल्या लाकडात खोल गेले असतील, पुसून वाळवून महिनाभरात परत आले, तर ते अस्तर घरी घासत बसू नका, एकतर ते बदलून घ्या नाहीतर डबा सोडा. बिजागरी वाकली, झाकण पिळवटलं, तळ सुटला तर सुताराकडे द्या, आणि त्याला तीन गोष्टी तोंडी नाही, कागदावर लिहून द्या: आतून पॉलिश नको, वॉर्निश नको, आणि गोंद सुकल्यावर डबा उघडा ठेवून निदान दोन आठवडे वास जाऊ द्यायचा. काम झाल्यावर सीझनिंग परत पहिल्यापासून, ते चुकत नाही. कूलिंगवाला विजेचा ह्युमिडॉर असेल आणि तो गार करत नसेल, आत पाणी साचत असेल, हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील, तर प्लग काढा आणि फ्रिजच्या मेकॅनिकला बोलवा, मागचं झाकण स्वतः उघडू नका. तो येईपर्यंत सिगार हवाबंद डब्यात काढून ठेवा, ६५ च्या पाकिटावर दोन-तीन आठवडे त्या आरामात राहतात.